पात्रांचं म्हातारपण: कुठल्या कॅम्पेनला कुठला नियम?

टेबलटॉप रोल-प्लेइंग खेळात (टेबलाभोवती बसून, फासे टाकत आपापल्या पात्राची कथा खेळायची) वयाचे नियम निवडण्याआधी एवढंच बघा: तुमच्या खेळात कॅलेंडर किती सरकतं? अख्खं कॅम्पेन (अनेक बैठकींत चालणारी सलग कथा) खेळातल्या दोन वर्षांत उरकत असेल, तर वयाचा तक्ता फक्त पात्र बनवतानाच कामाला येणार.

तिथेच डीअँडडीची (डंजन्स अँड ड्रॅगन्सची) 3.5 आवृत्ती फसते. माणूस 35ला मध्यमवयीन, 53ला वृद्ध, 70ला अतिवृद्ध. सत्तरीला शरीराचे स्कोअर (स्ट्रेंग्थ, डेक्स्टेरिटी, कॉन्स्टिट्यूशन) प्रत्येकी 6ने घटलेले असतात, तर मनाचे (इंटेलिजन्स, विज्डम, करिष्मा) 3ने वाढलेले. मग चलाख खेळाडू सत्तरीचाच विझार्ड (बुद्धीवर चालणारा जादूगार) घेऊन बसतो. दर लेव्हलला 3 हिट पॉइंट (मार सोसायची ताकद) जातात खरे, पण पुढे फायटर (लढवय्या) उभा असतोच. हाच तक्ता हवा असेल, तर वाढ फक्त खेळताना सरलेल्या वर्षांसाठी द्या. 2014च्या पाचव्या आवृत्तीने तक्ताच काढून टाकला. भूत बघून पात्र 10 ते 40 वर्षांनी म्हातारं होऊ शकतं, पण स्कोअर जागचे हलत नाहीत!

कॉल ऑफ कथुलू या भयकथांच्या खेळाच्या सातव्या आवृत्तीने हीच पळवाट छान बुजवली आहे. चाळिशीत शरीराचे 5 गुण जातात, मग दर दशकाला दुप्पट: 10, 20, 40, ऐंशीत 80. शिवाय रूप उतरतं ते वेगळंच. बदल्यात शिक्षण वाढवायच्या संधी चाळिशीत 2, पन्नाशीत 3, साठीत 4 आणि पुढे 4च. साठीनंतर सौदा तोट्याचा. वन-शॉटला (एकाच बैठकीत संपणाऱ्या खेळाला) हाच घ्या.

मोंगूज या प्रकाशकाच्या ट्रॅव्हलर या अंतराळातल्या खेळात वय हा जुगार आहे. पात्र बनवताना त्याची कारकीर्द टर्ममध्ये मोजायची, चार वर्षांची एक टर्म. चौथ्या टर्मअखेर, 34व्या वर्षापासून, 2डी6मधून (सहा बाजूंच्या दोन फाशांच्या बेरजेतून) टर्मची संख्या वजा करायची. शून्य किंवा खाली आलं की शरीर घटतं. पहिल्यांदा ही शक्यता सहात एक, सातव्या टर्मला निम्म्याहून जास्त. एखादा गुण शून्यावर गेला, तर उपचारांना 1डी6 गुणिले 10,000 क्रेडिट, नाहीतर मरण. कौशल्यं हवीत म्हणून 'अजून एकच टर्म' म्हणणारे इथेच सापडतात.

पिढ्यान्‌पिढ्या चालणाऱ्या खेळाला मात्र आर्स मॅजिका हा जादूगारांचा खेळच. 35नंतर दर हिवाळ्यात एक रोल (फासा टाकायचा), त्यात वयाचा दहावा भाग वर पूर्णांक करून मिळवायचा; राहणीमान आणि दीर्घायुष्याचा विधी त्यातून वजा. एकूण 10च्या खाली राहिलं तर फार तर चेहऱ्यावर एक वर्ष चढतं. विधी फुकट नाही, जादूचा विपरीत परिणाम साचत जातो. अडचण वेळेची: पाच पात्रांनी वीस वर्षांची उडी मारली की शंभर रोल. ते सेशनआधीच उरकून घ्या.