चूक दुरुस्त करावी की भावना धरावी?

सासूबाईंना स्मृतिभ्रंश (डिमेन्शिया) आहे. दिवेलागणीला त्या पिशवी भरून दाराशी येतात. "मला घरी जायचंय, आई वाट बघत असेल."

एक मार्ग वास्तवाची जाणीव देण्याचा: फळ्यावर आजचा वार, मोठ्या आकड्यांचं कॅलेंडर. आजार सुरुवातीचा असताना याचा आधार वाटतो. आमच्याकडे सकाळी अजूनही उपयोग होतो. पण "आई कधीच गेल्या" म्हटलं, की ते दुःख त्यांना दर वेळी नव्यानं होतं.

दुसरा मार्ग अमेरिकेतल्या नाओमी फील यांनी १९६३ ते १९८० दरम्यान घडवला: चूक न काढता त्यामागची भावना ओळखायची. "आईंची आठवण येतेय का? काय करून घालायच्या?" विचारलं, की त्या थालीपिठाबद्दल बोलत बसतात, पिशवी हातातून खाली येते. या पद्धतीचा संशोधनातला पुरावा तोकडा आहे. तरी संध्याकाळी मी हीच धरते.