‘मूळ निघालं’ म्हणून दाखवलेली खपली

माझ्या मावशीला कॅन्सरवरचा लेप विकणारा माणूस अजून धंदा करतोय, म्हणून हे लिहिते आहे.

मावशी परकराची नाडी आयुष्यभर एकाच जागी करकचून बांधत आली. कमरेला आधी काळपट वळ, मग खाज, मग भेगाळलेली जाड कातडी. कितीतरी बायकांना असतं हे, कुणी दाखवत नाही. पुढे तिथे जखम झाली ती भरेचना. कडा टणक, उचललेल्या, जरा घासलं की रक्त. आठवडी बाजारात बसणाऱ्या त्या ‘वैद्या’नं सांगितलं, “तुकडा तपासायला काढला की रोग पसरतो, आक्का. माझा लेप मूळच बाहेर काढतो.” आणि नऊ हजार रुपये घेतले.

लेपानं कातडी जळली. मावशी रात्र रात्र कण्हायची, तर हा म्हणे, “विष उतरतंय, सोसा.” काळी खपली सुटली ती त्यानं कागदावर ठेवून दाखवली, “हे बघा मूळ!” खरी फसवणूक इथे आहे. जाळणारा लेप निरोगी कातडीवर लावला तरी अशीच खपली धरते आणि पडते. वरून जखम मिटल्यासारखी दिसते, खाली रोग वाढत राहतो. मावशीच्या जांघेत गाठ लागली तेव्हा बायॉप्सी, म्हणजे तुकडा काढून तपासणी, झाली. स्क्वेमस सेल कार्सिनोमा, म्हणजे त्वचेचा एक कर्करोग, निघाला. शस्त्रक्रिया मोठी करावी लागली, किरणोपचारही.

हा रोग डॉक्टरांना नवा नाही. मुंबईच्या टाटा रुग्णालयातल्या डॉ. खानोलकरांनी १९४५ मध्येच धोतर काचल्यामुळे होणाऱ्या कर्करोगाची नोंद केली होती. पुढे साडीमुळे होणाऱ्याचीही झाली. भाजल्याच्या जुन्या व्रणावरही स्क्वेमस होऊ शकतो. बेसल सेल हा त्वचेचा दुसरा कर्करोग, त्याची गाठ बहुधा चेहऱ्यावर येते, मोत्यासारखी चकचकीत, मधूनमधून रक्त येणारी. मेलानोमा हा त्वचेचा आणखी एक कर्करोग, तो आपल्या लोकांत बरेचदा तळपायावर, तळहातावर किंवा नखाखाली दिसतो: पसरत जाणारा, कडा वेड्यावाकड्या असलेला, कुठे काळा कुठे तपकिरी डाग, किंवा नखातली रुंद होत जाणारी काळी पट्टी. दुखत नाही म्हणून लोक थांबतात. त्या माणसाकडे या सगळ्यांवर एकच लेप होता.

महिनाभरात न भरलेली जखम त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा आणि बायॉप्सीचं विचारा. तुकडा काढल्यानं त्वचेचा कर्करोग पसरत नाही.

कॅन्सर बरा करण्याच्या औषधाची जाहिरात करायला १९५४ च्या कायद्यानं बंदी आहे. उरलेली पुडी आणि त्याचं छापील पत्रक जोडून आम्ही अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार दिली आहे. तुमच्याही घरी अशी पुडी असेल तर फेकू नका, पुरावा म्हणून लागते.