आधी अ‍ॅग्रिकोला की रामेल्ली?

युरोपातली यंत्रांची जुनी चित्रं बघायची तर आधी काय उघडावं? अ‍ॅग्रिकोलाचं खाणकामावरचं पुस्तक ‘दे रे मेटालिका’ (बाझल, १५५६) की इटालियन इंजिनिअर रामेल्लीचं यंत्रचित्रांचं पुस्तक (पॅरिस, १५८८)?

रामेल्लीची १९५ चित्रं तांब्याच्या पत्र्यावर कोरलेली, रेघ नाजूक. त्याचं पुस्तकांचं चाक, म्हणजे फळ्यांवर उघडी पुस्तकं ठेवलेलं मोठं चाक, तर बघतच राहावं: चाक फिरतं, पण आतल्या दातेरी चक्रांमुळे फळ्या कलत नाहीत, उघडं पुस्तक घसरत नाही. एवढा खटाटोप कशाला, हा प्रश्न वेगळा!

अ‍ॅग्रिकोलाची चित्रं लाकडी ठशांची, जरा राकट. पण हा खाणगावात राहिलेला डॉक्टर. पाणी उपसणारे पंप, राबणारे मजूर, प्रत्येक भागाला अक्षर आणि त्याचा खुलासा. मी आधी यालाच उघडेन.