हेला मायक्रो डीई फॉग लॅम्प: घाटातल्या धुक्यासाठी योग्य, पण जोडणी नीट हवी

पावसाळ्यात आंबोली किंवा वरंधा घाटात धुकं उतरलं की अप्पर (हाय बीम) मारून उपयोग नसतो. थेंबांवर आपटलेला प्रकाश परत डोळ्यांतच येतो आणि समोर पांढरा पडदा उभा राहतो. म्हणून फॉग लाइट घेताना वॅट आणि ल्युमेन नंतर, आधी कटऑफ बघायचा: वर काळोख, खाली उजेड आणि मधली रेघ आडवी, स्पष्ट. या कसोटीवर जर्मन कंपनी हेलाचा मायक्रो डीई (१२ व्होल्ट, एच३ जातीचा हॅलोजन बल्ब, ५५ वॅट) आजही घेण्यासारखा आहे.

लॅम्प लहानसा, प्रोजेक्टर पद्धतीचा. रिफ्लेक्टरने गोळा केलेला प्रकाश मध्ये एक आडोसा अडवतो आणि उरलेला समोरचं भिंग रस्त्यावर टाकतं. भिंतीवर दिसणारी रेघ म्हणजे त्या आडोशाचीच कड. प्रकाश रुंद पसरतो, लांब जात नाही, आणि फॉगला तसाच हवा. रस्त्याच्या कडेची पांढरी पट्टी आणि वळणावरचा कठडा दिसला की त्याचं काम झालं. वेग मात्र जितकं दिसतंय तितकाच ठेवायचा.

खरेदी करताना काचेवरची खूण वाचा. वर्तुळात ‘ई’ आणि आकडा, शेजारी ‘बी’ किंवा ‘एफ३’ असेल तर तो मान्यताप्राप्त फॉग लॅम्प. ‘एचआर’ असेल तर तो लांब पल्ल्याचा ड्रायव्हिंग लॅम्प. धुक्यात तो अप्परइतकाच निरुपयोगी. रंग पांढरा किंवा पिवळा, दोन्ही चालतात. पिवळा प्रकाश धुकं भेदून जातो हा समज चुकीचा आहे. धुक्याचे थेंब इतके मोठे असतात की रंगाने फारसा फरक पडत नाही. काहींच्या डोळ्यांना पिवळा कमी टोचतो, इतकंच.

गाडीच्या बंपरमध्ये फॉगची जागा आधीच असेल, तर कंपनीचं ओरिजिनल किट मायक्रो डीईपेक्षा सोयीचं. ब्रॅकेट आणि कपलर बसतात, वायर कापावी लागत नाही. फक्त बल्ब बघून घ्या. एच८ ३५ वॅटचा, एच११ ५५ वॅटचा आणि एच१६ १९ वॅटचा. तिघांचे बेस जवळजवळ सारखे, खाचा वेगळ्या. ती खाच घासून १९ वॅटच्या लॅम्पमध्ये ५५ वॅटचा बल्ब बसवून देणारे भेटतात. परिणाम ठरलेला: आधी रिफ्लेक्टर काळवंडतो, मग होल्डर वितळतो.

हॅलोजनच्या लॅम्पमध्ये एलईडी बल्ब टाकणं तर नकोच. फिलामेंटची जागा आणि एलईडी चिपची जागा जुळत नाही, कटऑफ विस्कटतो आणि लॅम्पची मान्यताही उरत नाही. पांढरा-पिवळा बदलणारे बिनखुणेचे एलईडी पॉड दुकानात झगझगीत दिसतात, पण बहुतेकांना कटऑफच नसतो. समोरच्या गाडीवाल्याला आंधळं करणारा दिवा केंद्रीय मोटार वाहन नियम १०६ मध्ये बसत नाही, आणि पुढे स्पॉटलाइट लावायला नियम १११ ची मनाई आहे.

आता जोडणी, कारण चांगल्या लॅम्पची माती इथेच होते. कारमध्ये लॅम्प जमिनीपासून किमान २५० आणि कमाल ८०० मि.मी. उंचीवर, हेडलाइटच्या खाली, आणि गाडीच्या बाहेरच्या कडेपासून ४०० मि.मी.च्या आत असावा. नुसत्या प्लास्टिक बंपरला बोल्ट मारला तर लॅम्प थरथरतो आणि फिलामेंट लवकर तुटतं. ब्रॅकेट मागच्या लोखंडी भागाला घ्या. क्रॅश बीमला (बंपरमागचा, धडक सोसणारा आडवा दांडा) मात्र भोक पाडू नका.

दोन लॅम्प मिळून ११० वॅट, म्हणजे साधारण ९ अँपिअर. त्यासाठी १५ अँपिअरचा फ्यूज, २.५ चौ. मि.मी.ची वायर आणि १२ व्होल्टचा चार पिनचा रिले (स्विचच्या छोट्या करंटवर लॅम्पचा मोठा करंट चालू-बंद करणारा). बॅटरीच्या प्लसपासून वितभर अंतराच्या आतच फ्यूज हवा. तिथून रिलेची पिन ३०, पिन ८७ वरून दोन्ही लॅम्प, ८५ ला अर्थ, ८६ ला स्विच. स्विचचा सप्लाय पार्किंग लाइटवरून घ्या, म्हणजे पार्किंग बंद झाली की फॉगही बंद. हेडलाइटच्या वायरवर थेट टॅपिंग केलं तर ती वायर तापते. नव्या गाड्यांत कंट्रोल युनिट फॉल्ट दाखवतं आणि वॉरंटी नाकारायला कारण मिळतं.

एच३ बल्बला वायर एकच असते, अर्थ त्याच्या पत्र्याच्या बेसमधून मिळतो. एक लॅम्प मंद दिसला की बल्ब बदलण्याआधी तो बेस आणि अर्थचा बोल्ट तपासा. बोल्टखालचा रंग खरवडलेला नसणं हे नेहमीचं कारण. बल्बची काच बोटाने धरू नका. स्प्रिंग क्लिप खाचेत पूर्ण बसली नाही तर बल्ब तिरका राहतो आणि रेघ वाकडी पडते.

फोकस सपाट जागेवर, टायरची हवा बरोबर असताना, भिंतीपासून ५ मीटरवर लावा. लॅम्पच्या मध्याची उंची भिंतीवर खडूने मांडा. कटऑफ त्याखाली १० सें.मी. आला पाहिजे. लॅम्प ६० सें.मी. उंचीवर असेल तर उजेड साधारण ३० मीटरवर जमिनीला टेकतो. डिकीत नेहमी सामान असेल तर ते ठेवूनच मापा, नाहीतर मागची बाजू दबते आणि रेघ वर चढते. पहिल्या शंभरेक किलोमीटरनंतर ब्रॅकेटचे बोल्ट पुन्हा आवळून हेच माप एकदा तपासा.

उणीव एकच जाणवते: बंपरमध्ये तयार जागा नसलेल्या गाडीत ब्रॅकेट बनवून घ्यावा लागतो, आणि त्याची किंमत बजेटमध्ये धरूनच निर्णय घ्यावा.