रक्तदानाचं आवाहन कुठून करावं: व्हॉट्सॲप ग्रुप की इन्स्टाग्राम पेज?

रक्तदाते जोडायचं मनात आहे, हाताशी वेळ थोडा आहे आणि एकच माध्यम नीट सांभाळता येणार आहे, अशांसाठी हे लिहितोय. मी दोन्ही चालवून पाहिली आहेत, आता एकच चालवतो. तेव्हा माझा कल कुठे आहे ते कळेलच.

तातडीच्या वेळी व्हॉट्सॲपला तोड नाही, हे आधीच मान्य करतो. प्लेटलेट्स जेमतेम ५ दिवस टिकतात. त्यामुळे त्यांचा मोठा साठा करून ठेवता येत नाही, आणि गरज उभी राहते तीही अचानक. अशा वेळी ग्रुपवर ‘कोण येऊ शकेल?’ असं टाकलं की फोन वाजतात आणि ‘मी निघालो’ असं उत्तरही तिथेच येतं. इन्स्टाग्रामची फीड २०१६ पासून निव्वळ वेळेच्या क्रमाने लागत नाही. आज सकाळचं आवाहन एखाद्याला परवा दिसतं आणि तो बिचारा मनापासून विचारतो, ‘अजून हवंय का?’

नाव घेऊन विचारता येतं, हाही ग्रुपचा मोठा गुण. ‘सगळ्यांनी पुढे या’ म्हटलं की कोणीच हलत नाही. ‘अमुक, तुझ्या मागच्या रक्तदानाला तीन महिने झाले ना?’ म्हटलं की तो येतो. २०१४ च्या आइस बकेट चॅलेंजमधून (डोक्यावर बर्फाचं पाणी ओतून घ्यायचं आणि पुढच्याला तसंच करायला सांगायचं) एएलएस या मज्जातंतूंच्या आजारासाठी काम करणाऱ्या एएलएस असोसिएशनला सुमारे ११.५ कोटी डॉलर मिळाले. लोकांना बर्फाच्या बादल्या आठवतात, पण माझ्या मते खरी करामत पुढच्याचं नाव घेऊन त्याला आव्हान देण्यात होती.

मग मी ग्रुप का सोडला? मेसेज मरत नाही म्हणून.

‘बी निगेटिव्ह तातडीने हवंय, उद्या सकाळी ऑपरेशन आहे, संपर्क अमुक.’ तारीख नाही, आणि ‘उद्या’ तर रोजच असतो. मेसेज ग्रुपमधून बाहेर पडला की तो आपला राहत नाही. ‘डिलीट फॉर एव्हरीवन’ साधारण दोन दिवसांपर्यंत चालतं, दुरुस्ती पहिल्या १५ मिनिटांत करता येते. पण दोन्ही गोष्टी आपण पाठवलेल्या प्रतीपुरत्याच. कोणी पुढे ढकललेली प्रत तशीच फिरत राहते. खूपदा फॉरवर्ड झालेला मेसेज एका वेळी एकाच चॅटला पाठवता येईल, असं बंधन २०२० मध्ये आलं. ते चांगलंच झालं. मात्र भल्या माणसांना कॉपी-पेस्ट येतं.

अशाच एका आवाहनातला पेशंट बरा होऊन घरी गेला, तरी त्याच्या मेहुण्याचा फोन कित्येक महिने वाजत होता. फोन करणारे सगळे मदतीलाच आलेले, त्यामुळे त्यांच्यावर चिडताही येईना. शेवटी त्याने नंबर बदलला. दुसऱ्या एका घरात पेशंट गेला होता, तिथे असे फोन येत राहणं किती वाईट, ते वेगळं सांगायला नको. दात्यांचंही नुकसान होतं: दोन-तीनदा शिळ्या मेसेजवर धावलेला माणूस पुढच्या खऱ्या मेसेजकडे बघतही नाही.

इन्स्टाग्रामवर हा त्रास मला बराच कमी वाटला. स्टोरी २४ तासांत आपोआप जाते, आणि प्लेटलेट्सच्या आवाहनाचं आयुष्यही साधारण तेवढंच असतं. पोस्ट असेल तर कॅप्शनच्या पहिल्या ओळीत कधीही ‘गरज पूर्ण झाली’ असं लिहिता येतं. मूळ पोस्ट काढली की लोकांनी एकमेकांना तिथल्या तिथे पाठवलेली पोस्टही उघडत नाही. स्क्रीनशॉटपुढे मात्र इलाज नाही. म्हणून तारीख आणि वेळ मी चित्रातच मोठ्या अक्षरात टाकतो. व्हॉट्सॲप स्टेटसही २४ तासांत जातं, हे खरं. पण ते दिसायला समोरच्याकडे आपला नंबर सेव्ह असावा लागतो, आणि अनोळखी दात्याकडे तो कुठून असणार?

शिवाय ग्रुपमध्ये प्रत्येकाचा नंबर सगळ्यांना दिसतो. रक्त द्यायला तयार असलेल्या काही मुली फक्त याच कारणाने ग्रुपमध्ये आल्या नाहीत. पेजला त्या थेट मेसेज करतात.

इन्स्टाग्रामची डोकेदुखी वेगळी आहे. रीलवर बदाम भरपूर पडतात, पण त्यातले रक्तपेढीपर्यंत किती पोचतात ते विचारू नका. कॅप्शनमधली लिंक दाबून उघडत नाही. आणि मोठ्या हॅशटॅगच्या मागे लागण्यात अर्थ नाही: २ जून २०२० ला लोकांनी ‘ब्लॅक लाइव्ह्ज मॅटर’ या अमेरिकेतल्या वंशभेदविरोधी आंदोलनाच्या हॅशटॅगखाली इतके काळे चौकोन टाकले की आंदोलनाची कामाची माहितीच त्यात दिसेनाशी झाली. पाठिंबा देणाऱ्यांचा हेतू चांगलाच होता.

तुमचे बहुतेक दाते ओळखीतले, पन्नाशीच्या आसपासचे असतील आणि इन्स्टाग्राम उघडतच नसतील, तर माझं ऐकू नका, ग्रुपच करा. पोस्ट टाकायची परवानगी फक्त ॲडमिनना ठेवा, प्रत्येक मेसेजची सुरुवात तारखेने करा आणि संपर्कासाठी नातेवाइकाचा नव्हे, स्वतःचा नंबर द्या. त्यासाठी वेगळं सिम घेतलेलं बरं.