सर्च इंजिन: पोर्टलच्याच घरात, की वेगळं बिऱ्हाड?

मालवण-तारकर्लीकडच्या होमस्टेंचं पोर्टल मी सांभाळतो. सुरुवातीला पोर्टल, डेटाबेस आणि सोलर (Solr) हे सर्च इंजिन असे तिघं एकाच ८ जीबी रॅमच्या सर्व्हरवर गुण्यागोविंदाने नांदत होते. भाडं एक, बॅकअप एक, शोधाची विनंती यंत्राबाहेर जातच नाही. पावसाळ्यात याहून बरी सोय नाही.

मे महिन्यात मात्र खोल्यांचे दर रोज बदलतात, म्हणून इंडेक्सिंग, म्हणजे शोधाची सूची नव्याने बांधणं, सतत चालू. सोलर जावावर चालतं. त्याला हीप, म्हणजे जावाने स्वतःसाठी राखलेली रॅम, लागतोच, शिवाय इंडेक्सच्या फायली सर्व्हरच्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या, म्हणजे लिनक्सच्या, कॅशेत (उरलेल्या रॅममध्ये) राहिल्या तरच शोध चपळ. म्हणून तर इलॅस्टिकसर्च या दुसऱ्या सर्च इंजिनलाही हीपसाठी निम्म्याहून जास्त रॅम देऊ नये म्हणतात. आमच्या उरलेल्या निम्म्यात डेटाबेस पाय पसरून बसलेला. एका शनिवारी मेमरी संपली आणि लिनक्सने डेटाबेसचाच गळा घोटला. फोनवर एक काकू: "अरे, पावणे दारात उभे आसत, बुकिंग खंयच दिसणा नाय!"

आता सोलर वेगळ्या सर्व्हरवर आहे. भाडं वाढलं, अपडेट दोन ठिकाणी. ८९८३ पोर्ट, म्हणजे सोलरचं नेटवर्कवरचं दार, फक्त पोर्टलच्या सर्व्हरलाच खुला ठेवायचा. जगाला उघडा ठेवणं म्हणजे दार सताड उघडं टाकून जत्रेला जाणं. पण शोध कोलमडला तरी बुकिंग चालतं. अर्थात कोडमध्ये टाइमआउट, म्हणजे वाट बघण्याची मर्यादा, हवा, नाहीतर उत्तराची वाट बघत पोर्टलही लटकतं. आम्ही २ सेकंद ठेवलाय. तेवढ्यात उत्तर नाही आलं तर गावांची साधी यादी दाखवतो.

शे-दोनशे खोल्याच असतील तर दोन्ही सोडा, डेटाबेसचा स्वतःचा फुल-टेक्स्ट शोध (मजकुरातले शब्द शोधणं) पुरतो.