घरात लावलेलं स्थिरचित्र: एक एचिंग, एक लिनोकट आणि ब्राँझची पिशवी

मी डोंबिवलीत राहते आणि शाळेत चित्रकला शिकवते. इंटरमिजिएटला बसणाऱ्या मुलांसाठी टेबलावर तांब्या, वांगी, चिनीमातीची बरणी आणि मागे चुरगळलेली चादर मांडणं हे माझं दरवर्षीचं काम. घरासाठी काही चांगलं घ्यायचं ठरलं तेव्हा देखाव्यांकडे किंवा पळत्या घोड्यांकडे मन गेलंच नाही. स्थिरचित्रच हवं होतं, तेही आजच्या कलाकाराचं आणि शिक्षकाच्या पगारात बसणारं. तैलचित्राची किंमत ऐकूनच मागे फिरावं लागतं, म्हणून छापचित्रं (कोरलेल्या पृष्ठभागावरून हाताने कागदावर छापलेली चित्रं) आणि लहान शिल्पं या वाटेला लागले. घेतलेल्या तीन वस्तूंनी आता आमच्या वन-बीएचकेत पावसाळे काढले आहेत, तेव्हा त्यांच्याबद्दल ठामपणे लिहायला हरकत नाही.

सगळ्यात आवडती वस्तू म्हणजे एचिंग. काळा घोड्याच्या जहांगीर आर्ट गॅलरीत एका प्रदर्शनात घेतलं, ९,००० रुपयांना, फ्रेमशिवाय. चित्रात पितळी स्टोव्ह, पोचे आलेली अॅल्युमिनियमची किटली आणि पालथी घातलेली कपबशी आहे. वीस बाय पंचवीस सेंटिमीटरची जस्ताची प्लेट. तिच्यावर मेणासारखा थर चढवायचा, सुईने रेषा ओरखडायच्या आणि प्लेट आम्लात सोडायची. जिथे धातू उघडा पडला तिथे आम्ल खातं. मग त्या खाचांत शाई भरून वरची शाई मलमलीने पुसून काढतात आणि ओलसर कागद ठेवून प्लेट प्रेसमधून काढतात. कागद खाचांत शिरून शाई उचलतो. म्हणूनच एचिंगची रेषा कागदावर किंचित उठलेली असते. तिरप्या उजेडात धरलं की स्टोव्हच्या कड्या डोळ्यांना जवळजवळ हाताला लागल्यासारख्या दिसतात.

किटलीखालची सावली अॅक्वाटिंटने केली आहे. राळेची बारीक पूड प्लेटवर पाडून तापवतात, ती चिकटते, आणि आम्ल कणांच्या मधल्या जागा खातं. जितका वेळ आम्लात, तितका गडदपणा. या सावलीत करड्याच्या सहा पायऱ्या मोजता येतात, आणि किटलीच्या एका पोच्यावर आम्ल पोहोचूच दिलेलं नाही. तिथे कोरा कागद चमकतो. मुलांना मी वर्षानुवर्षं सांगत आले आहे की उजेड रंगवायचा नसतो, राखायचा असतो. आता वर्गात हेच चित्र फोनवर दाखवते. मागे भिंतीवर कॅलेंडर आहे. प्लेट छापताना चित्र उलटं होतं, त्यामुळे त्यावरचे आकडे कलाकाराने प्लेटवर उलटे कोरले, तेव्हा ते कागदावर सुलटे आले. इतक्या कष्टाचं काम या पैशांत मिळतं यावर माझा अजून विश्वास बसत नाही.

शेजारच्या काकूंनी पाहिल्या पाहिल्या विचारलं, ‘प्रिंट म्हणजे झेरॉक्सच ना गं?’ हा प्रश्न अनेकांच्या मनात असतो, म्हणून नीट सांगते. एचिंगच्या मागे दुसरं कुठलं ‘खरं’ चित्र नसतं. प्लेटवरून हाताने काढलेली प्रत्येक प्रत हीच मूळ कलाकृती. खाली डावीकडे पेन्सिलीने ७/२५ लिहिलेलं आहे, म्हणजे पंचवीस प्रतींच्या एडिशनमधली सातवी. उजवीकडे सही. काही प्रतींवर ए/पी (आर्टिस्ट्स प्रूफ) असतं, त्या कलाकाराने स्वतःसाठी ठेवलेल्या. प्लेटच्या कडांनी कागद चारही बाजूंनी दबलेला असतो, ती खूण बोटाने जाणवते.

ऑनलाइन ‘लिमिटेड एडिशन आर्ट प्रिंट’ म्हणून जे विकतात ते बहुतेक वेळा तैलचित्राचा फोटो इंकजेटवर छापलेला असतो. माझ्या मैत्रिणीने फळांच्या टोपलीचं तसं एक घेतलं, एडिशन पाचशेची. भिंगाखाली धरलं तर निळे, गुलाबी, पिवळे, काळे ठिपके. भिंतीवर ते छान दिसतं, याबद्दल तक्रार नाही. पण त्याला पोस्टरची किंमत द्यावी. विकणाऱ्याने त्या ठिपक्यांना छापचित्राचा मान देऊन छापचित्राचे पैसे घेतले, याचा मला मनापासून राग आहे. घेण्याआधी दोनच गोष्टी विचारा: कशावरून छापलं, आणि कोणी छापलं. कलाकार समोर असेल तर तो या प्रश्नांनी खूश होतो, अर्धा तास बोलत बसतो.

लिनोकट जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या वार्षिक प्रदर्शनातून आणलं, एका विद्यार्थ्याचं, १,८०० रुपये. विळी आणि दोन वांगी, फक्त काळी शाई. लिनोलियम म्हणजे फरशीवर अंथरतात ती जाड चादर, कोरायला मऊ, शाई उरलेल्या पृष्ठभागावर लावायची, म्हणजे कोरलेलं ते पांढरं. प्रेस लागतच नाही. हा कागद उलटा करून पाहिला तर मागे घासल्याच्या चमकदार खुणा दिसतात. मुलाने सांगितलं, चमच्याच्या पाठीने घासून छापलं. विळीच्या पात्याची धार एकाच न थांबलेल्या कापाने आली आहे, हात जरा कचरला असता तर ती भोथरी दिसली असती. वांग्यांच्या काळ्यात मात्र एका कोपऱ्यात शाई कमी पडली आहे. शिकत्या हाताचं काम आहे आणि किंमत त्याला धरूनच आहे. चित्रकार चित्तप्रसाद अंधेरीतल्या खोलीत राहून लिनोकट करत, कारण हे साधन स्वस्त आणि सर्वांपर्यंत पोहोचणारं. आज पहिली कलाकृती घेणाऱ्याने मी म्हणेन लिनोकटपासूनच सुरुवात करावी.

ब्राँझ ही मोठी उडी होती. ३८,००० रुपये, बोनसमधून. एका शिल्पकाराची कापडी पिशवी: भाजी काढून घेतल्यावर ओट्यावर कलंडलेली, तळाशी दोन लिंबं राहिलेली. उंची जेमतेम चौदा सेंटिमीटर. त्याने खरी पिशवी वितळलेल्या मेणात बुडवून तिला घड्या दिल्या, तिच्यावरून रबरी साचा घेतला, त्यातून प्रत्येक ओतीसाठी मेणाची प्रत काढली, ती दुसऱ्या साच्यात घालून तापवल्यावर मेण वाहून गेलं आणि त्या पोकळीत धातू ओतला. त्यामुळे ब्राँझमध्ये कापडाची वीण आली आहे, बंदाच्या शिवणीचे टाकेसुद्धा. धातूचा कडकपणा कुठे जाणवतच नाही. उचललं की मग वजन कळतं. रंग गडद तपकिरी, घड्यांच्या आत हिरवट. हा रंग म्हणजे पॅटिना, तापलेल्या धातूवर रसायनं लावून आणलेला. घरकामाला येणाऱ्या मावशींनी पहिल्याच आठवड्यात विचारलं, ‘ताई, हे भांडं घासायला काढू का?’ विचारलं म्हणून बरं. चिंच, लिंबू, पितांबरी यातलं काहीही ब्राँझला लागलं तर पॅटिना गेलाच समजा. कोरड्या मऊ ब्रशने धूळ झटकायची आणि अधूनमधून रंगहीन मेणाचा पातळ हात द्यायचा, एवढंच.

शिल्पातही एडिशन असते हे पुष्कळांना माहीत नसतं. फ्रान्समध्ये ब्राँझच्या आठ क्रमांकित आणि चार कलाकाराच्या, अशा बारा ओतींपर्यंतच मूळ शिल्प मानतात. आपल्याकडचेही बरेच शिल्पकार त्याच्या आसपास थांबतात. माझ्या पिशवीच्या तळाशी ३/८ कोरलेलं आहे.

इतक्या साध्या वस्तूंचं चित्र किती दिवस पाहणार, असं घरच्यांना वाटलं होतं. मला इटलीतल्या बोलोन्याचा चित्रकार जॉर्जो मोरांदी (१८९०–१९६४) आठवतो. तरुणपणी तो प्राथमिक शाळांमध्ये चित्रकला शिकवायचा, पुढे १९३० पासून तिथल्या अकादमीत एचिंग शिकवू लागला. आयुष्यभर त्याच बाटल्या, तीच भांडी त्याने पुन्हापुन्हा मांडली. एचिंगमध्ये तर नुसत्या एकमेकींना छेदणाऱ्या रेषांच्या दाटी-विरळीतून उजेड उभा केला. त्याच्या बाटल्यांचा जसा लोकांना कंटाळा येत नाही, तसा मला माझ्या किटलीचा आलेला नाही. पावसाळी दुपारी ती वेगळी दिसते, ट्यूबलाइटखाली वेगळी.

आता फ्रेमिंग, कारण खरं नुकसान तिथेच होतं. एका फ्रेमवाल्याने माझ्या ओळखीतल्या एकांचं छापचित्र सरळ गोंद लावून हार्डबोर्डवर चिकटवलं आणि कडा दिसू नयेत म्हणून कागद कापला. प्लेटची खूणच गेली. फ्रेमवाल्याला आधीच बजावा: कागद कापायचा नाही, चिकटवायचा नाही, सेलोटेप नाही. तो फक्त वरच्या कडेला जपानी कागदाच्या दोन पट्ट्यांनी, गव्हाच्या खळीने टांगायचा. माउंट (चित्राभोवतीची पुठ्ठ्याची चौकट) आणि पाठीमागचा बोर्ड दोन्ही अॅसिड-फ्री, म्हणजे आम्ल नसलेले. काच आणि कागद यांच्यात माउंटची जाडी राहिलीच पाहिजे, नाहीतर दमट हवेत कागद काचेला चिकटतो. फ्रेमच्या मागे खालच्या कोपऱ्यांना बुचाचे तुकडे लावले की भिंतीपासून हवा खेळते. मुंबईकडच्या ओलीत बुरशी आणि कसर यांना एवढ्यानेही बराच आळा बसतो. ओल येणारी बाहेरची भिंत टाळा, खिडकीसमोरचीही. माझ्या एचिंगच्या फ्रेमला ३,४०० रुपये लागले. चित्राच्या तिसऱ्या हिश्श्याहून जास्त, पण एकही डाग आलेला नाही.

जहांगीरमध्ये प्रवेश मोफत असतो आणि कलाकार बहुधा स्वतः दालनात बसलेला असतो. प्रदर्शनं साधारण मंगळवार ते सोमवार चालतात. मंगळवारी गेलात तर निवड करता येते. आवडलेल्या प्रतीला फ्रेम असली तरी त्याच एडिशनमधली फ्रेमशिवायची प्रत आहे का विचारा, ती स्वस्त पडते. पावतीवर चित्राचं नाव, माध्यम, वर्ष आणि प्रतीचा क्रमांक लिहून घ्या. लोकलने आणायचं तर गुंडाळी करू नका, दोन जाड पुठ्ठ्यांमध्ये सपाट ठेवून कडा टेपने बंद करा आणि संध्याकाळची गर्दी सुरू व्हायच्या आत गाडी पकडा.